डाळिंबी शेडची गाडी

नवागाम, सुरत
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६

सोनालीच्या पप्पांना,

नमस्कार पोचला असं समजा. ख्यालीखुशाली विचारत नाही. योगराज भाऊजींकडून कळतं की दादा गावी दोन वेळ जेवतो, मळ्यात जातो आणि कोणाशी बोलत नाही. म्हणजे इथल्यासारखंच चाललंय.

मोबाईल तुम्ही देव्हाऱ्याशेजारी ठेवून गेलात, मुद्दाम. मी तो रोज चार्ज करते, का करते देव जाणे. भाऊजींच्या मोबाईलवर लावला की तुम्ही मळ्यात असता, नाहीतर झोपलेले असता. एवढं झोपताना मी तुम्हाला सुरतेत कधी पाहिलं नाही. म्हणून हे पत्र. आपली शेजारीण शोभाबाई भाचीच्या हळदीला भुसावळ पॅसेंजरने अमळनेरला निघालीय, तिच्या पिशवीत टाकतेय. सोबत नानखटाई आहे, ती तरी उघडा. शाळेतली मराठी लिहितेय. आपल्या अहिराणीत लिहायला बसले तर शिव्याच जास्त येतील.

पुष्पाने चारचौघांत माझं नाक कापलं, असं तुम्ही भाऊजींना सांगितलंत म्हणे. कापलं असेल. पण सुरी कोणी हातात दिली तेही एकदा बघू.

पाचोऱ्याचं स्थळ तुम्ही आणलंत. साखरपुड्याला मुलाला मोटारसायकल द्यायची, हेही तुम्हीच कबूल केलंत. मला विचारलं नाही, सोनालीला तर नाहीच. "आपल्याकडं चालस तसं," म्हणालात. नारळाच्या ताटात चावी ठेवायची, हॉलच्या दारात हार घातलेली गाडी उभी करायची, पावण्यांनी भोवती फिरून बघायची. होणाऱ्या जावयाने, धर्मेंद्रने, गाडीचा फोटो पाठवला. कोणीही माणूस आधी गाडीचं नाव वाचेल. पण पांडेसऱ्याच्या सगळ्या रंगाच्या मिल ज्यांना लोटू मास्तर म्हणतात, त्या तुम्ही फोटोतला रंग बघितलात. लग्नसराईचा माल निघत होता, मिलमधून सुट्टी मिळेना. रात्रपाळी करून आलात आणि माझ्या हातावर कापडाचा तुकडा ठेवलात. डाळिंबी. "हाई शेड लई ये. शेड चुकनी का पार्टी माल परत करस."

हीच शेड आण, एवढंच. इंजिन किती मोठं, कंपनी कोणती, काही नाही. जन्मभर साड्या रंगवल्या, त्यामुळे शेड जुळली की माल जुळला, असं तुमच्या डोक्यात बसलंय. मी काय करणार? तुकडा घेऊन सोनालीसोबत शोरूमला गेले. तुम्ही सांगता तसं ट्यूबलाईटखाली नाही बघितलं, गाड्या बाहेर उन्हात काढायला लावल्या आणि एकेका टाकीवर तुकडा धरला. शोरूमची पोरं हसत होती. एकाच गाडीची शेड जुळली, धागा न धागा. अंगाने मोठ्या गाडीसारखीच, रुंद हँडल, फुगीर टाकी, चांगली लांबलचक. इंजिन लहान आहे हे मला बाईमाणसाला कुठून कळणार?

तर ती मी घेतली. पुढचं तुमच्यासमोर झालं. धर्मेंद्रच्या काकांनी बटण दाबलं, कान लावला आणि म्हणाले, "व्याही, हाई शिलाई मशीन कोठून आनं?" सगळे पावणे हसले. कोणीतरी म्हणालं, अर्धीच गाडी दिली, बाकीची अर्धी बाळंतपणाला देतील. तुम्ही उठलात, हात जोडलेत आणि आखाजीच्या सणाआत मोठी गाडी देतो म्हणून शब्द टाकलात. तेव्हा सोनालीने ताटातली चावी उचलली आणि शालूवरच गाडीवर बसून घरी निघून गेली. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गावाला.

बरं, आता ऐका. गाडी झाकून ठेवली आहे. कोणी हात लावत नाही. शोरूमवाला परत घेतो का विचारते. लग्न मोडलेलं नाही, नुसतं टांगलंय. तुम्ही या म्हणजे काय ते ठरवू. शेठचा माणूस रोज दारात येतो, मास्तर नाहीत तर शेड बसत नाही म्हणतो, लॉट अडलाय.

माझ्या उजव्या पोटरीला भाजलंय. तवा लागला. काळजीचं काही नाही, तुम्ही करणारही नाही.

पुष्पा


नवागाम
शनिवार, १४ फेब्रुवारी

सोनालीच्या पप्पांना,

शोभाबाई परत आली. पिशवी रिकामी. मी विचारलं, पत्राचं उत्तर? तर म्हणे, उत्तर नही, निरोप शे. "गाडी ईक, मंग मी येस." नानखटाई खाल्लीत का, ते तिने सांगितलं नाही. खाल्ली असणार.

म्हणजे गाडी घरात राहिली तर तुम्ही नाही. कमाल आहे. इतकी वर्षं संसार केला, पण सवतीची पाळी आली नव्हती, ती आता आली.

मग मीही खरं लिहिते. गाडी झाकलेली वगैरे काही नाही. आठवडाभर झाकली होती, जुन्या चादरीने, मग चादर धुवायला काढली ती पुन्हा घातली नाही. सोनाली ती घेऊन रिंग रोडच्या कापड मार्केटात कामावर जाते. कागद तिच्या नावावर आहेत, तिच्या पगारातून हप्ता जातो, मग तिने रिक्षात चेंगरत का जायचं? गल्लीतल्या बायका पहिले दोन दिवस खिडकीत आल्या. आता येत नाहीत. माणसाला कशाचीही सवय होते.

आणि तवा लागला नव्हता. सायलेन्सर लागला.

हो, मीच. हसा. तिथे कोणी हसणारं नसेल तर एकटेच हसा. साड्यांना चमकीच्या टिक्क्या लावून झाल्या की गठ्ठे मोपेडवरून पोचवणारी मीच ना? आणि मोपेडच्या वेळी एजंटाने गिअरच्या गाडीचंही लायसन काढून दिलं, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, आता बाई ट्रक चालवणार. ट्रक नाही, ही चालवते. डिंडोलीच्या पलीकडे मोकळं मैदान आहे, सोनालीने तिथे शिकवलं. दोनदा बंद पडली, एकदा मी पडले. तिसऱ्या दिवशी गिअर कळले.

आता तुम्हाला सांगते या गाडीत काय आहे. तुम्ही तिच्याकडे धड बघितलंही नाही, फक्त शेड बघितली आणि मग लोकांची तोंडं. मोपेडवर मी काठावर बसल्यासारखी बसते, गठ्ठा पायांत, गुडघे छातीशी. तुमच्या जुन्या गाडीवर मागे एका अंगाला बसायचे, तर कंबर धरायची. हिच्यावर बसलं की बूड खाली टेकतं आणि पाय पुढे जातात. हात आपोआप हँडलवर पडतात. ओट्यावर पाय सोडून बसावं तसं. दिवसभर पाट मांडून वाकून टिक्क्या लावते मी, पाठीचा कणा संध्याकाळी मला ओळख दाखवत नाही. त्या पाठीला इतकी वर्षं कोणी बस म्हटलं नव्हतं. हिने म्हटलं.

आणि लहान इंजिनाचं म्हणाल, तर हसणाऱ्यांना काही कळत नाही. सुरतेत गाडी पळवणार कुठे? उधना दरवाजापासून घरापर्यंत सिग्नल, हातगाड्या, गाई आणि वर पुलाचं काम. मोठ्या इंजिनाला पळायला मिळालं नाही की ते तापतं, पाय भाजतं, खालून धुसफुसतं. नाव घेत नाही, पण असा एक माणूस माझ्या माहितीचा आहे. हिला घाई नाही. क्लच मऊ, डाव्या हाताला रग लागत नाही. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर. शोरूममधला चेतन, मेहसाणाकडचा पोरगा, मला म्हणाला होता, "मासी, एंजिन नानुं छे, पण थाक नहीं लागे." विकणारा माणूस खरं बोलला असं मी पहिल्यांदा बघितलं.

वेग हवा असतो तरण्यांना. आपल्यासारख्यांना थकवा न येणं हवं असतं. ते मला साखरपुड्याच्या दिवशी सांगता आलं नाही, कारण तिथे पुरुष बोलत होते.

गाडी विकायची की नाही, ते मी एकटी सांगणार नाही. पण विका म्हणणाऱ्याने आधी एकदा बसून बघावं.

शेठने तुमच्या जागी कोणी एक नवीन मास्तर आणलाय. पहिलाच लॉट परत आला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पुष्पा


नवागाम
सोमवार, २३ फेब्रुवारी

सोनालीच्या पप्पांना,

हे पोस्टाने टाकतेय. कोणाच्या पिशवीतून पाठवण्यासारखं नाही.

काल धर्मेंद्र आला होता. एकटाच, न सांगता. मी पोहे केले. पोरगा वाईट नाही, हे मी आधीही म्हणत होते. मान खाली घालून बसला, मग म्हणाला, मावशी, एक चक्कर मारू का? सोनालीने चावी दिली. तो डिंडोलीच्या पुलापर्यंत जाऊन आला, चांगला अर्धा तास. आला तो हसतच. "भारी शे, मावशी! पाठ दुखतच नही." पाचोऱ्याहून जळगावला रोज नोकरीला जातो ना, मोटारसायकलवर, त्याचीही पाठ गेलेली, तिशीच्या आत. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलं कोडं. मी चहा टाकायला उठले.

तेवढ्यात तो म्हणाला, मला हीच चालेल. पण काकांना मोठीच पाहिजे, लोकांत सांगून बसलेत. मग असं करू, ही मी वापरतो, आणि मोठी लग्नानंतर द्या, दारात उभी राहील.

चहा उतू गेला. सोनाली काही चिडली नाही. चिडली असती तर मीच तिला गप्प बसवलं असतं. तिने शांतपणे विचारलं, "तुला काय पाहिजे?" तो म्हणाला, "ते घरचे ठरवतील." तिने पुन्हा विचारलं, "गाडीचं सोड. तुला काय पाहिजे?" तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे! जसं काही मीच त्याला उत्तर सांगणार. शेवटी म्हणाला, काकांना विचारतो.

तिने अंगठी काढली, कागदात बांधली, साखरपुड्याचा शालू घडी घालून पिशवीत ठेवला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाली, "काकांना सांग, गाडी माझ्या नावावर आहे. मी काकांशी लग्न करणार नव्हते." त्याने पोहे संपवले आणि गेला. बिचारा. खरंच बिचारा, मला त्याची कीव आली.

म्हणजे आता ज्यांना शब्द दिलात ते घरच राहिलं नाही. तुमचा शब्द मोडला, पण तुम्ही मोडला नाही. मोडायचा दोष द्यायचाच तर मला द्या, आणि नीट द्या, त्यासाठी पुढचं वाचा.

शोरूममध्ये चेतन म्हणाला होता, मासी, मोठी गाडी याच रंगात आठ दिवसांत येईल, थांबा. मी सगळं समजून होते. बाईमाणसाला इंजिन कळत नाही हे मी तुम्हाला लिहिलं ते थापच होती, सव्वाशे आणि साडेतीनशे सीसी यातला फरक मला भाजीच्या मापातही कळतो. पण सोनाली त्या लहान इंजिनाच्या गाडीवर बसून बघत होती. मोठीवर बसली तेव्हा पायांची बोटं कशीबशी टेकली, चेतनला गाडी धरावी लागली. हिच्यावर बसली आणि ओरडली, "मम्मी, बंने पग अडे छे!" खूश झाली की ती गुजरातीच बोलते, तुम्हाला माहीत आहे. दोन्ही पाय अख्खे फरशीवर. सरळ बसलेली. मी म्हणणार होते, तुझे पाय टेकून काय करायचंय, गाडी धर्मेंद्रला द्यायची आहे. वाक्य तोंडापर्यंत आलं आणि मला इतका राग आला, कोणाचा ते सांगू शकत नाही. मी म्हटलं, हीच पाहिजे. कागद हिच्या नावाने करा.

तर बोलायचं ते मला बोला. पोरीला नाही.

तुमचा राग मी या महिनाभरात पुष्कळ फिरवून बघितला. लोक हसले म्हणून माणूस चार दिवस रुसतो, आठ दिवस रुसतो. तुमच्या रंगाखातर घेतलेल्या गाडीला हसले, ज्या एका गोष्टीत तुम्ही कोणाला हार गेला नाहीत तिथे हसले, म्हणून जास्त लागलं, तेही कळतं. पण भाऊजी म्हणतात, तुम्ही दिवसाही झोपता. मळ्यात जाता आणि बांधावर झोपता. सोनालीचे पप्पा, तुम्ही रागावून गेलेला नाहीत. तुम्ही थकून गेलात. बारा बारा तास मशीनसमोर उभे राहून, वाफेत, कोणी बस म्हणालं नाही म्हणून. घरातून निघायला काहीतरी कारण हवं होतं, गाडी सापडली. सरळ सांगितलं असतंत, पुष्पा, मी दमलो, तर मी काय नाही म्हटलं असतं? मलाही कोणीतरी दमलो म्हणणारं हवं होतं. मीही दमलेय, तुम्ही तरी गेलात, मी कुठे जाऊ?

उत्तर द्या. निरोप नको, अक्षर पाठवा.

पुष्पा


तुमच्या भावाच्या ओट्यावरून
रविवार, १ मार्च

सोनालीच्या पप्पांना,

उत्तर आलं नाही, म्हणून मी आले.

एकटीच आले. सोनालीला आज सुट्टी नाही, होळीच्या मालाची घाई आहे. तिने चावी दिली आणि म्हणाली, मम्मी, घाटात तिसऱ्यावर ठेव. पहाटे निघाले. बारडोली, व्यारा, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट. घाटात मोठमोठ्या गाड्यांवरची पोरं सर्रकन पुढे गेली. घाट संपवून पुढे आले तर तीच पोरं ढाब्यावर पाय चोळत बसलेली. मी पाणी प्यायले आणि निघाले. ट्रकवाले वळून बघत होते, बघेनात का. साक्रीच्या पुढे एका म्हातारीने रस्त्यात हात केला, तिला धुळ्याच्या अलीकडे तिच्या फाट्यावर सोडलं.

गावात शिरले तेव्हा डोक्यावर पदर नव्हता, हेल्मेट होतं. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, डोकं तर झाकलंय ना, चालंल. जाऊबाई चंचलने भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर येऊन मला मिठी मारली. योगराज भाऊजी एकदा माझ्याकडे बघतात, एकदा गाडीकडे. समोर अर्धं गाव उभं आहे. कोणी हसलेलं नाही अजून. हसले तरी हसू देत.

तुम्ही मळ्यात आहात म्हणे. मळ्यात मी येणार नाही. तुमच्या भावाच्या शेतात उभं राहून माझ्या नवऱ्याची मनधरणी करायला मला लाज वाटते. चंचल तुमची भाकर घेऊन निघालीय, तिच्या टोपलीत हे ठेवतेय. आधी वाचा, मग जेवा.

मिलमध्ये जायचं नसेल तर जाऊ नका. शेठला मी सांगून आलेय, मास्तर येतील तेव्हा येतील आणि नाही आले तर नाही. सोनाली कमावते, मी कमावते. तुम्ही घरात नुसते झोपून राहिलात तरी मी कोणाला काही बोलू देणार नाही. पण झोपायचं ते आपल्या घरात. इथे बांधावर नाही, पाहुण्यासारखं.

आणि एक. शेड बरोबर होती. हॉलच्या दारात गाडी उन्हात उभी होती तेव्हा मी पुन्हा बघितलं होतं, तुमच्या तुकड्यात आणि टाकीत केसाचा फरक नव्हता. हसणाऱ्यांना रंगातलं काही कळत नव्हतं. हे मी त्या दिवशी मोठ्याने बोलायला हवं होतं, आता गावासमोर बोलून झालंय, विचारा भाऊजींना.

गाडी विकणार नाही. हे पक्कं. तुम्हाला पटलं नाही तरी पक्कं.

उन्हं कलेपर्यंत मी इथे बसेन. नंतर निघेन, आजची रात्र धुळ्याला माझ्या बहिणीकडे, उद्या घरी. तुम्ही आलात तर मी पुढे, तुम्ही मागे. सगळ्या गावासमोर बायकोच्या मागे बसावं लागेल, ते लपवून चालणार नाही, म्हणून आधीच लिहितेय. तुमच्या कमरेसाठी मागे पाठ टेकायचा टेका बसवून घेतलाय शुक्रवारी. डोळा लागला तरी पडणार नाही तुम्ही.

रुमाल बांधून या, वाऱ्याने कान दुखतात. या. मी हळू चालवते.

पुष्पा